गव्हर्नरसाहेबांचा टी-सेट आणि त्याच्या बुडाखालची दोन डोकी

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय, लांबलचक आहे आणि सोबत अकरा फोटो. थोडं कापून देतो:

"नमस्कार. आमच्या पुण्याच्या घरात चांदीचा इंग्लिश टी-सेट आहे. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि मोठा ट्रे. माझे पणजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, भाटघरच्या धरणावर. घरात सांगतात की १९२२ साली गव्हर्नर लॉइडसाहेबांनी खूश होऊन हा सेट पणजोबांना स्वतःच्या हातानं दिला. मोठे काका ८३ वर्षांचे आहेत, ते तर म्हणतात बुडाखाली जी दोन डोकी आहेत ती लॉइडसाहेब आणि त्यांची मॅडम, आणि वरचा मुकुट म्हणजे सरकारी भेट असल्याचा पुरावा. साखरेच्या भांड्यावर नांगर आहे, ते आगबोटीनं आलं म्हणून. हे भांडं सध्या आत्याकडे आहे, ती परत द्यायला तयार नाही. लक्ष्मी रोडच्या सराफानं वजनावर भाव सांगितला तेव्हा काका चिडून उठूनच आले. चुलतभाऊ इंग्लंडला रेडिंगमध्ये असतो, तो म्हणतो मी दिवाळीत येतो तेव्हा बॅगेतून घेऊन जातो, तिकडे ऑक्शनला लावू. आणि नुसत्या गोष्टीला कोणी विचारत नाही म्हणून इथेच एखाद्या कारागिराकडून भांड्यावर नाव घालून घेऊ, लॉइडसाहेबांकडून सप्रेम, १९२२ असं काहीतरी. मला ते पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाही. सेट खरा आहे का? गोष्ट खरी आहे का? विकावा का? आणि काकांना दुखावून चालणार नाही. शेवटचा वेडा प्रश्न, यात चहा प्यायला चालतो का?"

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, आणि का ते सांगायला फार लांब जायला नको, किटली उलटी केली की झालं. तुमचे फोटो चांगले आलेत, विशेषतः तो तिसरा, खिडकीजवळ काढलेला.

किटलीच्या आणि दुधाच्या भांड्याच्या बुडाखाली एका ओळीत पाच छाप आहेत. पहिला बनवणाऱ्याची आद्याक्षरं. दुसरा सिंह, चालणारा, एक पाय उचललेला. हा सिंह म्हणजे इंग्लंडचा स्टर्लिंगचा शिक्का, हजारात ९२५ भाग चांदी, १५४४ पासून हा सिंह मारतायत. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ही दोन भांडी शंभर टक्के खरी, साडेब्याण्णव टंचाची. तिसरा मुकुट. काकांना वाईट वाटेल, पण हा मुकुट सरकारी भेटीचा नाही, हा शेफील्ड गावाचा शिक्का आहे. ब्रिटनमध्ये चांदी तपासून छाप मारणारी जी ऑफिसं होती त्यांची प्रत्येकाची वेगळी खूण, लंडनचा बिबट्याचा चेहरा, एडिंबराचा किल्ला, बर्मिंगहॅमचा नांगर आणि शेफील्डचा मुकुट. शेफील्डनं १७७३ पासून १९७४ पर्यंत मुकुट वापरला, मग गुलाबाचं फूल घेतलं. चौथा छाप एक अक्षर, ते वर्षाचं, दर वर्षी बदलायचं, अक्षराचा टाइप आणि भोवतीच्या चौकटीचा आकारसुद्धा बदलायचा, त्याचे तक्ते मिळतात. गाव आधी ओळखायचं आणि त्याच गावाचा तक्ता बघायचा, नाहीतर लंडनच्या तक्त्यात शेफील्डचं अक्षर शोधत बसाल आणि भलतंच साल काढाल, हे फार जणांचं होतं.

आता पाचवा, ती दोन डोकी. पुरुष आणि बाई, एकामागे एक, दोघांची तोंडं एकाच बाजूला. लॉइडसाहेब नाहीत हो. ते पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आहेत. १९३५ मध्ये राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, सिल्व्हर ज्युबिली, आपल्याकडे पण शाळाशाळांतून मिठाई वाटली होती तेव्हा, आजी-आजोबांच्या पिढीला आठवत असायचं. त्या निमित्तानं इंग्लंडातल्या कारागिरांना हा जोडडोक्यांचा जादा छाप मारून घ्यायची मुभा दिलेली, सक्ती नव्हती, आणि तो १९३३ ते १९३५ च्या आसपासचाच, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. म्हणजे तारखेच्या अक्षराचा तक्ता न उघडता नुसत्या त्या दोन डोक्यांवरून साल दोन-तीन वर्षांच्या फटीत येऊन बसतं.

सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर होते १९१८ ते १९२३. भाटघरच्या धरणाला लॉइड डॅम नाव आहे हे खरं, तुमचे पणजोबा तिथे असतील हेही खरंच असेल, पण १९३४ च्या सुमाराला शेफील्डमध्ये घडवलेली किटली १९२२ साली पुण्यात कोणी कोणाला देऊ शकत नाही. ज्युबिलीच्या वेळी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न होते, ज्यांच्या नावाचं स्टेडियम आहे ते.

आता याच जागी चुलतभावाचा कारागीर आणा. भांड्यावर वरून लिहिणार १९२२ आणि खाली राजाचा १९३५ चा ज्युबिली छाप. तिकडच्या ऑक्शनवाल्याची पहिली सवय काय असते, भांडं हातात घेतलं की वरचं काहीही न बघता उलटं करतो. दोन सेकंदांत हसेल. आणि नुसता हसला तर बरं, कारण खोटी ओळख चिकटवून माल विकायला काढणं याला तिकडे फसवणूकच म्हणतात आणि इकडेही. वर चांगल्या भांड्यावर ताजी कोरणी म्हणजे होती ती किंमतही घालवली. जुनी कोरलेली अक्षरं हाताला बोथट लागतात, शंभर वर्षं पुसून पुसून कडा गेलेल्या असतात, ताजी अक्षरं बोटाला टोचतात, अनुभवी माणूस डोळे मिटून सांगतो. त्यामुळे भावाला सांगा की नाव घालायचं हे डोक्यातून काढ, यावर चर्चा नको.

तसं बघितलं तर नाव नसणं हीच मोठी खूण होती. आपल्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या पेल्यावरसुद्धा नाव, तारीख, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" सगळं टोचून घेतात. इंग्रज त्या बाबतीत आपल्यापेक्षा कमी नव्हते. साहेबानं चांदीचं भांडं कोणाला समारंभानं दिलं की त्यावर कोणाला, कोणी, कशाबद्दल, कधी हे कोरलेलं असायचंच, ते कोरण्यासाठीच पोटावर साधी जागा सोडलेली असते. गव्हर्नरानं स्वतःच्या हातानं दिलेला सेट कोरा, हे जरा कठीणच.

पण थांबा, काकांना फोन लावू नका अजून, साखरेच्या भांड्याचं वेगळं आहे.

आत्याकडे जाऊन तुम्ही जे चार फोटो काढलेत (चहाला थांबलात का, नसाल तर पुढच्या वेळी थांबा, हे भांडं तुम्हाला लागणारे) त्यात नांगर, सिंह, अक्षर, आद्याक्षरं आणि एकच डोकं आहे, बाईचं, डावीकडे बघणारं. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि बर्मिंगहॅमला समुद्र नाही, आगबोटीचा काही संबंध नाही. मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदारानं खटपट करून १७७३ मध्ये तिथे तपासणी ऑफिस आणलं, शेफील्डवाले पण त्याच खटपटीत होते, आणि असं सांगतात की लंडनमध्ये ही मंडळी ज्या खानावळीत जमायची तिचं नाव क्राउन अँड अँकर, मग एकानं क्राउन घेतला एकानं अँकर. सांगतात असं. गोष्टी काय आपल्याच घरात असतात असं नाही.

ते बाईचं डोकं म्हणजे व्हिक्टोरिया राणी. चांदीच्या भांड्यांवर सरकार कर घ्यायचं, तो भरला याची पावती म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं ठोकायचे, १७८४ मध्ये सुरू झालं, १८९० मध्ये कर उठला तसं डोकंही गेलं. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ ला. म्हणजे साखरेचं भांडं १८९० च्या आधीचं, किटलीपेक्षा निदान त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांनी मोठं, दुसऱ्या गावचं, दुसऱ्या कारागिराचं. हा सेट मुळात सेट नाहीच. व्यापारात याला मॅरेज म्हणतात, वेगवेगळ्या घरची भांडी जुळवून लावलेलं लग्न. तुमच्या घरात नव्वद वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही याचं कारण डिझाइन. तिन्हीचा खालचा अर्धा भाग उभ्या पन्हाळ्यांचा आणि वरचा साधा, याला क्वीन ॲन म्हणतात, नाव जुन्या राणीचं पण माल व्हिक्टोरियाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ढिगांनी निघाला, त्यामुळे १८८५ चं भांडं आणि १९३४ ची किटली शेजारी ठेवली की बहिणी वाटतात. नीट बघितलं तर फोटो नंबर सात आणि नऊ मध्ये फरक दिसतो, साखरेच्या भांड्याच्या पन्हाळ्या जरा बारीक आणि खोल आहेत आणि तळाची कडा गोल वळलेली आहे, किटलीची सपाट.

आणि याच्या पोटावर काहीतरी कोरलंय! तुम्ही "पक्षी आहे, चोचीत फांदी" लिहिलंय. याला क्रेस्ट म्हणतात, घराण्याची खूण, याची जाडजूड पुस्तकं आहेत, चित्रावरून घराणं शोधता येतं. फक्त एक, एकच पक्षी दहा घराण्यांनी घेतलेला असतो, आणि भांडं ज्यानं बनवून घेतलं त्याची ती खूण, ज्यानं तुमच्या पणजोबांना दिलं त्याची असेलच असं नाही. पण कुठल्यातरी इंग्रज घराण्याचं भांडं आहे हे नक्की, दुकानातून नवं घेतलेलं नाही.

म्हणजे बघा काय होतंय. पणजोबांना एखाद्या साहेबानं, गव्हर्नर असेल नसेल, माझं मन म्हणतं एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर असावा, बदली होऊन किंवा रिटायर होऊन मायदेशी जाताना आपल्या घरातलं हे एक भांडं दिलं, हे १९२२ ला अगदी होऊ शकतं. मग तुम्ही सहज लिहून गेलात की आजोबांचं लग्न १९३६ चं. किटली आणि दूधदाणी १९३४ च्या आसपासची. साखरेच्या भांड्याला जोड म्हणून कोणीतरी लग्नाच्या वेळी दोन भांडी विकत घेतली असतील, मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारखी दुकानं होती जिथे विलायती माल मिळायचा. किंवा १९४७ ला साहेबलोक घरं आवरून चालले तेव्हा लिलावातनं आलं असेल. हा माझा अंदाज आहे हे तुमच्या वहीत अंदाज म्हणूनच लिहायचं. पण काकांच्या गोष्टीत जर काही खरं उरलेलं असेल तर ते आत्याच्या कपाटात आहे, तुमच्याकडच्या दोन भांड्यांत नाही. आत्याला हे सांगायचं का, ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगितलं असतं.

ट्रे. ट्रेचं लवकर उरकतो कारण त्यात काही नाही. चार छोट्या ढालींमध्ये ई, पी, एन, एस अशी चार अक्षरं आहेत, लांबून हॉलमार्कसारखीच दिसतात आणि तशी दिसावीत म्हणूनच तशी मारलेली असतात. इलेक्ट्रोप्लेटेड निकल सिल्व्हर, आपल्या भाषेत जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा, त्या निकल सिल्व्हरमध्ये चांदी शून्य, तांबं जस्त आणि निकल. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनं १८४० मध्ये याचं पेटंट घेतलं आणि मग मध्यमवर्गाच्या घरोघरी "चांदी" पोचली. हँडलजवळ पिवळट-करडं दिसतंय ते म्हणजे मुलामा उडालाय. इंग्लंडातल्या घरांतसुद्धा भांडी चांदीची आणि ट्रे मुलाम्याचा हे सर्रास असायचं कारण एवढा मोठा ट्रे चांदीचा म्हणजे दोन-तीन किलो. परत मुलामा देऊ नका, वापरा तसाच.

सराफावर काका चिडले ते मला समजतं पण सराफाचं चुकलेलं नाही. त्याचा धंदा मोडीचा आहे, तो टंच बघणार, घट धरणार आणि वजनाला गुणणार, राणी व्हिक्टोरियाचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की किटलीचं वजन करताना ते काळं हँडल आणि झाकणावरची काळी गुंडी यांचं वजन त्यात येतं, ते लाकूड किंवा बॅकेलाइट (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) आहे, चांदीचं हँडल हाताला चटका देतं म्हणून लावलेलं. आणि सराफाला कसोटीवर घासू देऊ नका, निदान छापाच्या जवळ तरी नाहीच, तिथे सिंह असताना घासायची गरज काय. (ज्यांच्या किटलीला चांदीचंच हँडल आहे आणि मध्ये दोन पांढऱ्या चकत्या आहेत त्यांनी जरा जपून, त्या चकत्या बऱ्याचदा हस्तिदंताच्या असतात आणि हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी आहे, ब्रिटनमध्येही २०२२ पासून कडक कायदा लागू झालाय, १९४७ च्या आधीचं आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर सूट मिळते पण आधी नोंद करावी लागते. तुमच्याकडे काळं हँडल आहे, सुटलात.)

आता रेडिंगच्या भावाची बॅग. इथे एक गंमत आहे आणि ती मला फार आवडली.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. ऐतिहासिक किंवा कलाकुसरीची म्हणावी अशी वस्तू शंभर वर्षं जुनी झाली की ती अँटिक्विटी धरली जाऊ शकते, आणि अँटिक्विटी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, पकडलं तर माल जातो आणि केस होते. ती वस्तू मुळात विलायतेत बनली होती आणि तिकडेच परत चाललीय हे कस्टमवाल्याला सांगून काही उपयोग नाही. म्हणजे काकांची गोष्ट खरी असती, सेट १९२२ चा असता, तर तो लंडनला जाऊच शकला नसता! गोष्ट खोटी आहे, किटली १९३४ ची आहे, म्हणून ती अजून शंभरीत नाही आणि जाऊ शकते. आणि चुलतभाऊ तिच्यावर १९२२ कोरून एअरपोर्टवर निघाला होता. म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध पुरावा.

तरी तसंच बॅगेत कोंबू नका. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांच्या कमिटीकडून "ही अँटिक्विटी नाही" असं सर्टिफिकेट मिळतं, वस्तू दाखवावी लागते, ते घ्या आणि मग नेताना इकडे आणि उतरल्यावर तिकडे जाहीर करा. साखरेचं भांडं मात्र शंभरी कधीच ओलांडून बसलंय, ते इथेच राहणार, त्याला घेऊन जायचा विचारही नको. घरात ठेवायला काही लायसन वगैरे लागत नाही, घाबरू नका.

बरं, नेऊन मिळणार काय? १९३० च्या दशकातले मशीनवर बनलेले टी-सेट तिकडे ढिगानं पडलेत, आजीचे सेट नातवंडांना नकोयत, तिकडे पण डिशवॉशरवाली पिढी आलीय, त्यामुळे अशा भांड्यांचा भाव चांदीच्या वजनाच्या आसपासच फिरतो, ज्युबिलीच्या छापासाठी कोणी हौशी थोडं जास्त देईल एवढंच. १९८० ला चांदीचा भाव अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं आभाळाला भिडला होता तेव्हा तर चांगले चांगले सेट सरळ वितळवले लोकांनी. आणि वस्तू शंभर वर्षांपेक्षा नवी म्हणून ब्रिटनमध्ये आयातीवर २० टक्के व्हॅट, शंभरीच्या पुढची असती तर ५ टक्के. त्यावर ऑक्शनवाल्याचं कमिशन, विमा. भावाला कागदावर मांडायला सांगा, दोन भांड्यांसाठी हा सगळा खटाटोप करून लक्ष्मी रोडपेक्षा फार जास्त हातात पडणार नाही. ज्या इंग्लिश चांदीला खरोखर वजनाच्या कैक पट भाव मिळतो ती वेगळी, अठराव्या शतकातली किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीची, हेस्टर बेटमन किंवा पॉल स्टॉर अशा नामवंत कारागिरांची, किंवा जिच्या मालकीचा कागदोपत्री माग लागतो ती. माग म्हणजे पावती, मृत्युपत्रातली नोंद, जुना फोटो ज्यात भांडं टेबलावर दिसतंय, आतून दुकानाचं नाव छापलेली मूळ चामडी पेटी. "आमच्या घरात सांगतात" याला बाजारात पैसा नाही.

म्हणून माझं मत, विकू नका. पैशाची नड असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तसं दिसलं नाही. आणि विकायचंच ठरलं तर आधी सगळ्या वारसांची लेखी संमती, आत्यासकट.

त्याऐवजी एक काम करा, आणि ते काका आहेत तोवर करा. त्यांच्यासमोर भांडी ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना पहिल्यापासून सांगू द्या. मध्ये दुरुस्त करू नका, शेफील्ड नाही ज्युबिली नाही, काही बोलू नका. विचारायचं ते असं, की तुम्ही पहिल्यांदा हे भांडं कधी बघितलंत, कुठल्या खोलीत, कोण चहा घेत होतं, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली, पणजोबांनी स्वतः की आजीनं, तेव्हा तीन भांडी होती की एकच. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो सहज जाता जाता विचारा. ८३ वर्षांच्या माणसाला लहानपणीचं कपाट लख्ख आठवत असतं, साल मात्र आठवत नसतं, साल आपण बाहेरून जोडतो. मग वहीत दोन पानं करा, एकावर "काका म्हणाले" आणि एकावर "भांड्यावर दिसतं", आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नका. पणजोबांचं सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, बदलीच्या ऑर्डरी, काही ट्रंकेत असेल तर काढा. १९२२ ला गव्हर्नर भाटघरला गेले असतील तर केसरी किंवा ज्ञानप्रकाशमध्ये ओळ आली असणार, जुने अंक पुण्यात बघायला मिळतात. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेखागार आहे, पीडब्ल्यूडीचं दप्तर तिथे आहे, पण ते वेळखाऊ काम आहे, नातवंडांपैकी कोणाला नाद असेल तर लावा कामाला.

काकांना खरं सांगायचं का? सांगायचं, पण साखरेच्या भांड्यापासून सुरुवात करून. "काका, आत्याकडचं भांडं सगळ्यात जुनं निघालं, राणीच्या काळातलं, कुठल्यातरी साहेबाच्या घराण्याची खूण आहे त्यावर, तुम्ही म्हणता ते साहेबाचं भांडं हेच असणार." हे खोटं नाही. किटलीचं त्यानंतर, आजोबांच्या लग्नाच्या गोष्टीत घालून. गव्हर्नर गेला तरी त्यांच्या वडिलांचं लग्न आलं, मला वाटतं चालेल त्यांना. नाही चाललं तर नाही चाललं, चिडतील दोन दिवस, सराफावर चिडले तसे.

एक तक्रार करतो आता. सहाव्या फोटोत सिंहाचं शेपूट गेलंय. काकू दर दिवाळीला पितांबरीनं घासतात असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, ते आजपासून बंद. पितांबरी, चिंच, राख, रांगोळी हे पितळ-तांब्याला, चांदीला नाही, आणि ब्रासोही नाही. प्रत्येक घासणीत चांदीचा एक पापुद्रा जातो आणि सगळ्यात आधी छापच पुसट होतात, आणि छाप गेले की तुमच्या हातात फक्त काकांची गोष्ट उरली. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ सुती कापड, लगेच कोरडं करायचं. फारच काळं पडलं तर चांदीसाठी मिळणारं क्रीम, वर्षाकाठी एकदा, छापावरून हलक्या हातानं. ते यूट्यूबवरचं ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं करू नका, पन्हाळ्यांच्या खोबणीतला जो काळसर जुनेपणा आहे तो सगळा जातो आणि भांडं कालच आणल्यासारखं पांढरंफटक दिसायला लागतं. साखरेच्या भांड्याच्या आतलं सोनेरी म्हणजे सोन्याचा अगदी पातळ मुलामा, तिथे क्रीमही नको. ठेवताना मलमलमध्ये गुंडाळा, वर्तमानपत्रात नाही, आणि रबरबँड अजिबात लावू नका, रबरात गंधक असतं, जिथे रबर टेकलं तिथे काळी रेघ उमटते ती सहजी निघत नाही.

फोटोत एक राहिलंय, किटलीचं झाकण. झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, तिथेही सिंह आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरं असायला हवीत, इंग्लंडात झाकणावरही छाप लागतो. असेल तर झाकण मूळचं. नसेल, किंवा अक्षरं वेगळी असतील, तर नंतर कोणीतरी बसवलंय. अजून एक करून बघा, दूधदाणीच्या पोटावर जिथे साधी जागा आहे तिथे तोंडानं गरम वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी. पूर्वी काही कोरलेलं घासून काढलं असेल तर वाफेत क्षणभर त्याचा माग दिसतो, आणि अशा जागी पत्रा बोटानं दाबला की पातळ लागतो. काही दिसलं तर लगेच कळवा, मग हे सगळं परत पहिल्यापासून बघावं लागेल.

आणि चहा. बिनधास्त प्या, वेडा प्रश्न नाहीये, त्यासाठीच केलंय ते. आधी गरम पाणी फिरवून घ्या, चहा वेगळा उकळून गाळून ओता, किटली गॅसवर ठेवायची नाही हे आपल्याकडे सांगावं लागतं म्हणून सांगतो. रात्रभर चहा आत ठेवू नका, डिशवॉशर नको, हँडल पाण्यात बुडवून ठेवू नका. आतून तपकिरी झाली तर गरम पाण्यात थोडा खायचा सोडा घालून तासभर ठेवा आणि विसळा.